नवलाख उंबऱ्यांआडची गोळी

आमच्या बचत गटाच्या वहीत 'कर्जाचे कारण' असा एक रकाना आहे. शेळी, शिलाई मशीन, मुलीची फी, घराचे पत्रे, बारसे अशी कारणे त्यात असतात. गेल्या वर्षी भर पावसाळ्यात आमच्यातल्या एकीने दोन हजार रुपये मागितले आणि कारण लिहिले, 'औषधपाणी'. कसले औषध, म्हणून विचारले तर म्हणाली, "पित्ताचं." पुढच्या महिन्यात पुन्हा दीड हजार. पुन्हा पित्तच. आता पित्ताला एवढे पैसे लागतात होय? पण चारचौघींत जास्त खोदून विचारता येत नाही. मी गप्प बसले.

एका दुपारी तीच घरी आली. हात थरथरत होते. चार रात्री डोळ्याला डोळा नव्हता. पदराच्या गाठीतून तिने गोळ्यांच्या पाकिटाचा कात्रीने कापलेला एक तुकडा काढला. तीन गोळ्यांचा. त्यावर ना पुरते नाव, ना मुदतीची तारीख. मागच्या बाजूला अर्धवट तुटलेली लाल रेघ तेवढी दिसत होती. "ताई, ही गोळी कुठं मिळंल? मेडिकलवाला बदललाय. नवा पोरगा चिठ्ठी मागतोय."

मग सगळे बाहेर आले. दोन वर्षांपूर्वी धाकटा मुलगा अपघातात जायबंदी झाला, तेव्हापासून तिचा जीव घाबरा व्हायचा, सकाळी उठावेसे वाटायचे नाही, भाकरी थापता थापता रडू यायचे. भावाने तिला शहरातल्या एका डॉक्टरकडे नेले. त्यांनी पंधरा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या आणि 'परत दाखवायला या' असे सांगितले. परत दाखवायला ती काही गेली नाही. पण गोळीने बरे वाटत होते, म्हणून त्या जुन्या चिठ्ठीवर, आणि पुढे चिठ्ठीशिवायच, ती दोन वर्षे गोळ्या घेत राहिली. कधी दहा, पैसे नसले की तीन. सहा-सहा महिन्यांनी चिठ्ठी तपासणारे कोणीच नव्हते. नवा मुलगा दुकानात आला, त्याने नियमाप्रमाणे चिठ्ठी मागितली आणि तिची गोळी एका दिवसात बंद झाली. म्हणजे ज्याने नियम पाळला त्याच्यामुळे ही बाई आजारी पडली, असे म्हणायची पाळी आली. तसे म्हणणे बरोबर नाही, हे मलाही कळते. पण माझ्या ओट्यावर बसून ती थरथरत होती, तेव्हा मला त्या मुलाचाच राग आला होता, हे खोटे कशाला सांगू?

मैत्रिणींनो, आमच्या गावाचे नाव नवलाख उंबरे. नऊ लाख उंबरे होते की नव्हते, मोजायला कोण गेले आहे? पण आज जेवढे उंबरे आहेत त्यांतल्या कितीतरी उंबऱ्यांआड अशी एखादी गोळी लपवलेली आहे, हे मी पंधरा-वीस वर्षे बायकांत काम करून सांगते. तांदळाच्या डब्यात, देव्हाऱ्याच्या मागे, ब्लाउजच्या घडीत. तळेगावची एमआयडीसी आमच्या परिसरात आली, जमिनी गेल्या, पैसा आला, काही घरांत टिकला, काही घरांत दारूत आणि गाड्यांत गेला. कालपर्यंत भातलावणीला चिखलात उभी राहणारी बाई घरात नुसती बसून राहिली. भाडेकरूंच्या खोल्यांत दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेल्या तरुण सुना, माहेर शेकडो कोस लांब, नवरा तिन्ही पाळ्यांत. कोणाचे मन कशाने खचते ते मी ठरवणारी नव्हे. एवढेच सांगते, की खचते. आणि ते खचले की त्यावरची गोळी आपल्यापर्यंत ज्या वाटेने येते, ती वाट एकदा नीट बघायला हवी.

आधी गोळीची जात समजून घेऊ, कारण इथेच सगळा घोळ आहे. नैराश्यावरची गोळी वेगळी आणि झोपेची किंवा घबराटीची गोळी वेगळी. फ्लुओक्सेटिन, एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन ही नैराश्यावरची. यांनी त्याच दिवशी काहीच वाटत नाही. उलट पहिले काही दिवस मळमळ, डोकेदुखी, कधी बेचैनी. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरे वाटू लागल्यावरही निदान सहा महिने त्या घ्यायच्या असतात. अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम ही दुसरी जात. ही घेतली की तासाभरात जीव थंडावतो. म्हणून माणसाला तीच खरी गोळी वाटते. पण काही आठवडे रोज घेतली की शरीराला सवय लागते आणि एकदम बंद केली की थरथर, झोप उडणे, कधी झटकेसुद्धा. नैराश्यावरची गोळीही एकदम सोडू नये, त्रास होतोच, पण 'हिचे व्यसन लागते' हा जो समज आपल्याकडे आहे तो मुळात दुसऱ्या जातीच्या गोळीचा आहे. वाईट नाव एकीने कमावले आणि बदनाम झाली दुसरी.

त्यात आपल्या देशात या दोन्ही जाती एकाच गोळीत मिसळून मिळतात. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकत्र असलेली गोळी सर्रास लिहिली जाते. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे पेशंटला धीर यावा म्हणून अशी जोडी देण्यात अर्थ असतो, पण मग दोनातली एक हळूहळू कमी करायची असते. एकाच गोळीत दोन्ही असली तर एक कमी कशी करणार? आमच्या मैत्रिणीच्या पदरातला तुकडा असाच निघाला. दोन वर्षे तिला धरून ठेवले होते ते बहुधा त्यातल्या दुसऱ्या औषधाने.

आता कायदा काय म्हणतो? नैराश्यावरच्या गोळ्या 'शेड्यूल एच' मध्ये येतात. नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय त्या विकायच्या नाहीत. १ मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-वन' अशी आणखी कडक यादी लागू झाली. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम या झोपेच्या-घबराटीच्या गोळ्या तिच्यात आहेत. त्या विकताना दुकानदाराने डॉक्टरचे नाव, पेशंटचे नाव, किती गोळ्या दिल्या हे वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची असते. कागदावर इतका बंदोबस्त, आणि प्रत्यक्षात? तुम्ही कधी मेडिकलमध्ये उभ्या राहून बघा. "दादा, झोप येत नाही," म्हटले की काही दुकानांत कात्री आपोआप हातात येते. सगळे तसे नाहीत, नाही तर आमचा तो नवा पोरगा चिठ्ठी का मागता? पण कात्रीने कापलेल्या त्या तुकड्यावरून बाईला कळतही नाही की आपण काय खातो आहोत. आपल्या डाळीच्या पुडीवर मुदत वाचणाऱ्या आपण, मनाच्या गोळीची मुदत मात्र वाचत नाही, कारण ती वाचायला मागे उरलेलीच नसते.

म्हणजे गंमत अशी झाली आहे (गंमत म्हणायची ती रडू येऊ नये म्हणून), की ज्या गोळीला जपून द्यायला हवे ती चटकन मिळते, आणि जी महिनोन्महिने सलग मिळायला हवी तिच्यासाठी बाईला वणवण करावी लागते.

चिठ्ठी लिहायची कोणी, हा दुसरा तिढा. बऱ्याच जणींना वाटते की ही गोळी फक्त 'वेड्यांचा डॉक्टर'च देऊ शकतो. तसे नाही. साधा एमबीबीएस डॉक्टरही नैराश्य ओळखून फ्लुओक्सेटिन सुरू करू शकतो आणि सौम्य दुखण्यात ते पुरेसे असते. आत्महत्येचे विचार येत असतील, भास होत असतील, बाळंतपणानंतरचे गंभीर दुखणे असेल किंवा पहिल्या औषधाने गुण नसेल तर मात्र मानसोपचारतज्ज्ञच हवा. आणि तज्ज्ञ आहेत किती? बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली, त्या सुमारास देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही पुरा पडत नव्हता, पाऊणच होता. त्याच पाहणीत नैराश्यासारख्या दुखण्यांच्या शंभरांतल्या सुमारे पंच्याऐंशी जणांना काहीच उपचार मिळत नसल्याचे दिसले. पाहणी बारा राज्यांत झाली. त्यांत आपला महाराष्ट्र नव्हता. पण आमच्या गटातल्या बायका नुसत्या डोळ्यांसमोर आणल्या तरी आकडा काही फार वेगळा असेल असे मला वाटत नाही.

खेड्यात आपल्या दाराशी असतो तो आयुर्वेदाचा किंवा होमिओपॅथीचा डॉक्टर. रात्री-अपरात्री तोच येतो, हे विसरून चालणार नाही. आयुर्वेदाच्या डॉक्टरांना ॲलोपॅथीची औषधे देण्याची मुभा राज्य सरकारने १९९२ मध्येच दिली. एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांसाठी २०१४ मध्ये कायद्यात बदल झाला, आणि त्यांची नोंदणी मेडिकल कौन्सिलकडे करायची की नाही यावरून सप्टेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या ॲलोपॅथी डॉक्टरांनी एक दिवसाचा संप केला. त्या दिवशी टीव्हीवर दोन्ही बाजू तावातावाने बोलत होत्या. मी भाजी निवडता निवडता ऐकत होते. पेशंटच्या सुरक्षेचे नाव दोघांच्याही तोंडी. पण मनाचे दुखणे घेऊन खेड्यातली बाई जाते कोणाकडे, तिच्या गोळीवर सहा महिने लक्ष कोण ठेवते, हा प्रश्न कोणी काढला नाही. मला विचाराल तर एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरतो की नाही हे ठरवायला मी डॉक्टर नाही. पण गोळी लिहिणाऱ्याने ती कधी आणि कशी बंद करायची हेही त्याच कागदावर लिहावे, एवढी अट तर सगळ्यांनाच घालता येईल ना?

आता पैशाचे. यात मला स्वतःलाच मोठा धक्का बसला. कारण नैराश्याची गोळी महाग नाही. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यामुळे औषधाच्या मालावर नव्हे तर फक्त बनवण्याच्या रीतीवर पेटंट मिळत असे. तो नियम २००५ पर्यंत चालला. त्यामुळे परदेशात महाग असलेली ही औषधे आपल्या कंपन्यांनी लवकर आणि स्वस्तात बनवली. एस्सिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन आणि जुनी अमिट्रिप्टिलिन ही तिन्ही केंद्राच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या नव्या यादीतही आहेत, आणि यादीतल्या औषधांची जास्तीत जास्त किंमत सरकार ठरवते. जनऔषधी केंद्रात तर हीच औषधे ब्रँडच्या मानाने फार कमी दरात मिळतात. पण चिठ्ठीवर ब्रँडचे नाव असते आणि बाईला वाटते, स्वस्त म्हणजे खोटी. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नावच लिहावे असा नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ च्या सुरुवातीला काढला आणि त्याच महिन्यात, तीन आठवड्यांच्या आत, तो स्थगितही केला. म्हणून माझे म्हणणे असे, की चिठ्ठी घेताना आपणच डॉक्टरांना विचारावे, "यातलं औषध कोणतं? ते कागदावर लिहून द्या." ते रागावत नाहीत. रागावले तरी आपले काय जाते?

मग दोन हजारांचे कर्ज कशाचे झाले? मी तिच्याबरोबर बसून हिशेब मांडला. गोळ्यांचे पैसे त्यात सगळ्यांत कमी होते. आधी एका खासगी दवाखान्यात गेली त्याची फी. तळेगावपर्यंत जीप, पुढे लोकल, मग बस, सोबत कोणीतरी हवे म्हणून दोघांचे भाडे. बुडालेला रोज. आणि घरी सांगता येत नाही म्हणून केलेल्या चोरीचे पैसे, म्हणजे सासूला देवदर्शनाला जाते असे सांगून नेलेला हार, नारळ, पेढे! निम्हान्सच्या त्याच पाहणीत दिसले होते की मानसिक आजाराच्या उपचारापोटी घराचे महिन्याला हजार ते दीड हजार रुपये जातात, आणि ते मुख्यतः उपचार आणि प्रवासावर. पेढ्यांचा खर्च त्यांनी धरला नसावा.

आपल्याकडे कायदा मात्र चांगला आहे, हे वाचून मी चाट पडले. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या अठराव्या कलमात म्हटले आहे की सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत यादीतली मानसिक आजाराची औषधे सगळ्यांना, सदा सर्वकाळ, फुकट मिळाली पाहिजेत. आपल्या जिल्ह्यात किमान सेवा नसेल तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने सोसावा, असेही त्यात आहे. आपल्या राज्याने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळेच मोफत केले. म्हणजे कागदोपत्री आमच्या मैत्रिणीला एक पैसाही लागायला नको होता.

मी तिला घेऊन जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात गेले. पहिल्या खेपेला कळले की मनाचे डॉक्टर ठरलेल्या वारीच येतात आणि तो वार कालच होऊन गेला. दुसऱ्या खेपेला डॉक्टर भेटले. तरुण होते, ओळीत साठ माणसे होती, तरी तिच्याशी पंधरा मिनिटे बोलले. "तुम्ही वेड्या नाही आहात, थकलेल्या आहात," असे म्हणाले, तेव्हा ती रडलीच. त्यांनी दोन्ही औषधे वेगळी केली. एक रोज सकाळी चालू ठेवायची, दुसरी पाव-पाव करत दोन-अडीच महिन्यांत सोडायची. हिमोग्लोबिन आणि थायरॉईडही तपासायला सांगितले, कारण त्यातल्या बिघाडानेही अशीच मरगळ येते. खिडकीवर मात्र एकच औषध होते. "दुसरं संपलंय, बाहेरून घ्या." महिनाभराच्या ऐवजी पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. पुन्हा प्रवास, पुन्हा पेढे. गोळी फुकट आणि तिच्यापर्यंत पोचायचे भाडे चारशे, ही सरकारी मोफतीची रीत. मला त्या डॉक्टरविषयी काही तक्रार नाही. पण सलग सहा महिने घ्यायची गोळी पंधरा-पंधरा दिवसांच्या तुकड्यांत देणे आणि कात्रीने तीन गोळ्या कापून देणे, यात पेशंटच्या दृष्टीने किती फरक आहे?

विम्याचेही सांगते. याच २०१७ च्या कायद्यात म्हटले आहे की विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच धरावे. कंपन्यांनी बरीच चालढकल केली, नियामकाला २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये त्यांना बजावावे लागले. पण आपल्या साध्या पॉलिसीचा, तसाच सरकारी आरोग्य योजनांचा, भर दवाखान्यात दाखल होण्यावर असतो. नैराश्याची बाई दाखल होत नाही, ती घरीच असते, स्वयंपाक करत. तिच्या गोळीला तिथे जागा नाही.

एक जागा मात्र आहे आणि ती आमच्या परिसरातल्या कितीतरी घरांत वापराविना पडून आहे. ते म्हणजे ईएसआयचे कार्ड. कारखान्यात, अगदी ठेकेदाराकडे लागलेल्या कामगाराचाही पगार मर्यादेत असेल (जानेवारी २०१७ मध्ये ही मर्यादा महिना एकवीस हजार झाली) तर त्याच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के कापले जातात. त्या बदल्यात कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला, म्हणजे बायकोलाही, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून उपचार आणि बाह्यरुग्ण औषधे मिळतात. चिंचवडला मोहननगरमध्ये ईएसआयचे रुग्णालय आहे. आमच्या मैत्रिणीचा मोठा मुलगा ठेकेदाराकडेच आहे. आईचे नाव कार्डावर घालायचे असते, हे त्याला माहीत नव्हते. पगाराच्या चिठ्ठीवरची ती कपात त्याने नुसती 'कटिंग' म्हणून सोडून दिली होती. आज घरी जाऊन आपल्या नवऱ्याची, मुलाची पगाराची चिठ्ठी जरूर बघा.

इथे मला माझेही सांगायला हवे, नाही तर परक्याचे दुखणे वेशीवर टांगल्यासारखे होईल. आठ वर्षांपूर्वी आई गेली त्यानंतर मी दहा महिने ही गोळी घेतली आहे. मी बीए झालेली, गावात चार लोक विचारायला येतात, आणि मी ते पाकीट कुळथाच्या डब्यात ठेवत होते, कारण आमच्याकडे कुळीथ कोणी काढत नाही. एकदा सासूबाईंनी काढले! त्यांनी पाकीट हातात धरले, माझ्याकडे बघितले आणि म्हणाल्या, "दूध घेऊन घेत जा, पोटात जळजळतं." एवढेच. ज्यांना मी दहा महिने घाबरले त्या एवढेच बोलल्या. सगळ्यांच्या सासवा अशा नसतात, हेही मला ठाऊक आहे. लोणावळ्याला योगाला जा, मन:शांतीचे शिबिर कर, असे सांगणारेही तेव्हा पुष्कळ भेटले. योगाने बरे वाटते, मी अजूनही करते. पण त्या दिवसांत मला अंथरुणातून उठवून आसनावर बसवले ते गोळीने.

आणि गोळीच सगळे करते असेही नव्हे. गोव्यात 'संगत' संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्याबरोबर एक मोठा प्रयोग केला, तो २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यांनी गावातल्याच पदवीधर बायका घेतल्या, आरोग्याचे शिक्षण नसलेल्या, म्हणजे माझ्यासारख्याच. त्यांना दोन महिने शिकवले आणि दवाखान्यात बसवले. पेशंटशी बोलायचे, दुखणे समजावून सांगायचे, गरज असेल तर डॉक्टरांच्या गोळीची आठवण करायची, तारीख चुकली तर घरी निरोप धाडायचा. सरकारी केंद्रांत अशी बाई होती तिथे सहा महिन्यांत शंभरातले सुमारे सहासष्ट जण बरे झाले; नव्हती तिथे बेचाळीस-त्रेचाळीस. खासगी डॉक्टरांकडे मात्र असा फरक दिसला नाही. मला वाटते, तिथे ओळखीचा एकच डॉक्टर पुन्हा पुन्हा भेटतो म्हणून असेल. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा असाच उपक्रम झाला. तिथे आधी नैराश्याच्या शंभरांतले जेमतेम चार जण उपचारापर्यंत पोचत होते, नंतर सत्तावीस पोचले. राज्य सरकारनेही २०१५ पासून विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प काढला, आशाताई घरोघर जाऊन विचारपूस करू लागल्या. तो शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. आमचा मावळ त्यात कसा येणार? इथे तर इंद्रायणी तांदूळ पिकतो आणि जमिनीला भाव आहे.

पण घरात बसलेल्या बाईची मोजदाद कोणत्या प्रकल्पात होते? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२१ च्या आकड्यांत देशात पंचेचाळीस हजार स्त्रियांनी आत्महत्या केल्या आणि त्यांतल्या तेवीस हजारांहून अधिक 'गृहिणी' होत्या. निम्म्याहून जास्त. त्या आकड्याने मी दोन दिवस गप्प होते. सरकारी अर्जांत व्यवसायाच्या रकान्यात मीही तोच शब्द लिहिते.

म्हणून काही रोखठोक सांगते. जगू नये असे वाटत असेल, कोणा मैत्रिणीच्या बोलण्यात तसे येत असेल, तर १४४१६ हा 'टेली-मानस'चा सरकारी नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलतात. घरात कॉलेजातली मुले-मुली ही गोळी सुरू करत असतील तर पहिले काही आठवडे त्यांच्याकडे जास्त लक्ष ठेवा, त्या वयात सुरुवातीला वाईट विचार वाढू शकतात. दिवस गेले असतील, बाळ अंगावर पीत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा; आपल्या मनाने सुरूही नको आणि बंदही नको. पूर्ण पाकीट मागा. नाही तर निदान नाव आणि मुदत असलेला भाग मागा, आणि बिल घ्या.

आमच्या ग्रामपंचायतीत आम्ही बायकांनी एक अर्ज दिला आहे. मनाचे डॉक्टर महिन्यातून एकदा तालुक्यातल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात यावेत आणि गोळ्या महिन्याच्या मिळाव्यात, एवढेच दोन मुद्दे. अर्जाखाली सह्या घेताना मजा झाली. "कशासाठी?" विचारल्यावर आधी सगळ्या म्हणायच्या, "आम्हाला नको बाई तसलं काही, पण दुसऱ्या कोणाला लागंल म्हणून करते सही." असे 'दुसऱ्या कोणासाठी' एकेचाळीस सह्या झाल्या. पोच मिळाली आहे, उत्तर अजून नाही.

आमच्या मैत्रिणीची झोपेची गोळी सुटली. मध्ये दोन आठवडे फार वाईट गेले, पुन्हा एकदा ती कापलेल्या तुकड्याच्या शोधात दुकानात जाऊन आली होती, तसे तिनेच सांगितले. दुसरी गोळी चालू आहे. सासूला अजून देवदर्शनच माहीत आहे. गटाच्या कर्जाचे दोन हप्ते राहिलेत. मुलाने कार्डावर नाव घालायला अर्ज केला आहे, ठेकेदार 'पुढच्या आठवड्यात' म्हणतो आहे. पुढची तारीख मंगळवारची आहे आणि त्याच दिवशी तिच्या वावरात लावणी. आम्ही दोघी लावणीला आमच्यातल्या चौघी उभ्या करून जाणार आहोत. जीपवाल्याला सकाळी सातची वेळ सांगून ठेवली आहे.